कानशीचा चाकू आणि डावा हात

आमच्या घरात घडीचे तीन चाकू होते आणि तिघांचं आपसात पटत नसे. एक बाचा, एक माझा आणि तिसरा दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मुंबईला गिरणीत होते, पण घर आमच्याच गावात, पलीकडच्या आळीला. सुट्टीवर आले की पिशवी ताईकडे टाकायचे आणि स्वतः आमच्या ओटीवर येऊन बसायचे. तिन्ही चाकू मिटले की मुठीत मावतील एवढे. तेव्हा आमच्या कर्जतच्या बाजूला खिशात चाकू नाही असा गडी सापडायचा नाही. सुंभ तोडायचं, बांबूची कामटी तासायची, पायातला काटा काढायचा, बांधावर बसून कैरी चिरायची, बैलाच्या मानेवरचं गोचीड खरवडायचं, सगळं त्याच एका पात्यानं. मध्ये ते धोतराला पुसायचं, एवढीच काय ती स्वच्छता. आताच्या पोरांच्या खिशात फोन असतो. त्यानं काटा निघतो का म्हणून मी नातवाला विचारलं होतं. तो म्हणाला, काटा कसा काढायचा ते त्यात बघता येतं. 

बाचा चाकू कमानीच्या पोलादाचा. खंडाळ्याच्या घाटात लॉऱ्या उलटायच्या, त्यांच्या चाकांवरच्या तुटक्या पोलादी कमानी खोपोलीला भंगारात पडायच्या आणि तिथून फिरत फिरत कशेळ्याच्या बाजारात आमच्या लोहाराकडे यायच्या. लोहार त्याचं पातं ठोकून काढायचा, लाल करून करंजाच्या तेलात बुडवायचा. याला पाणी देणं म्हणतात, दिलं तेलात तरी. मग पुन्हा निखाऱ्यावर हळूहळू शेकायचा आणि पात्यावर रंग चढताना टक लावून बघत बसायचा. आधी पिकल्या भातासारखा पिवळा येतो, मग तांबूस, मग मोराच्या मानेसारखा निळा. कमानीचं पातं निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. ते वाकेल पण मोडणार नाही. बाचा चाकू तसाच होता आणि बासुद्धा तसाच. त्या चाकूनं तो नारळ सोलायचा, खिळा उपटायचा, एकदा तर चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाखाली त्यानं तो पाचर म्हणून घातला होता. धार मात्र दोन दिवसांत उतरायची. बा म्हणायचा, उतरू दे, पुन्हा लावू, आपल्याला कुठे जायचंय.

माझा चाकू कानशीचा. एका सुतारानं झिजून टाकलेली कानस मी मागून आणली आणि लोहाराच्या डोक्यावर बसून तिचा चाकू करून घेतला. त्याला मी बजावलं होतं की रंग भाताच्या पिवळ्यावर आला की लगेच काढायचा, निळा होऊ द्यायचा नाही. लोहार म्हणाला, कडक राहील, वाकडा घातलास तर काचेसारखा तुटेल. मी म्हटलं, वाकडा घालणार नाही. तो म्हणाला, तुझा स्वभाव बघून बोलतोय. पण दिला त्यानं करून. मूठ बैलाच्या शिंगाची, पाठीला अशी दणकट पट्टी की मिटताना खट्ट वाजायचं आणि ओटीवर झोपलेलं मांजर उठून बसायचं. या चाकूची धार महिनाभर हलत नसे. लावायला मात्र जीव जायचा, कारण जे पोलाद लवकर झिजत नाही ते दगडावरही झिजत नाही. हे लोकांच्या लक्षात येत नाही. धार टिकावी म्हणतात आणि पटकन लागावीही म्हणतात. असं पोलाद अजून निघालेलं नाही. निघालं असेल तर मला आणून दाखवा.

दाजींचा चाकू स्टेनलेसचा. मुंबईहून आणलेला, आरशासारखा. त्यात बघून दाजी मिशा कापायचे, म्हणजे बघायचे चाकूत आणि कापायचे कात्रीनं. मूठ लालभडक, तिला एक बूच काढायचं आकडं, एक डबा फोडायचं नख. आमच्या गावात बूच असलेली बाटली फक्त औषधाची यायची आणि डबा घासलेटचा, तो डोक्याएवढा. पण दाजी ते आकडं उघडून सगळ्यांना दाखवायचे. गंजत नाही हा त्यांचा मुख्य मुद्दा. पावसात ठेवा, मिठात ठेवा, मासळीत ठेवा, डाग पडणार नाही. मी म्हणायचो, ज्याला गंज येत नाही त्याला धारही येत नाही, ते पोलाद ताटवाट्यांचं. दाजी म्हणायचे, तुमच्या दोघांच्या चाकूनं कैरी चिरली की फोडी काळ्या पडतात, तोंडाला लोखंडाची चव येते. ते खरं होतं, पण मी कबूल केलं नाही. मी म्हटलं, लोखंडाची चव पोटाला चांगली. हा वाद रोज जेवताना व्हायचा. आय वाढता वाढता ऐकायची. एकदा वालाचं बिरडं वाढताना ती म्हणाली, "तीन चाकू घरात, आन् फणस मी कोयत्यानं फोडते." त्यावर तिघांनीही भाकरीत डोकं घातलं.

धार लावायची जागा विहिरीपाशी. तिथे एक काळा दगड होता, मधोमध खोलगट झिजलेला. पहाटे त्यावर आवाज यायचा त्यावरून आय अंथरुणातूनच सांगायची कोण बसलंय ते. बा बसला की संथ, बैलाच्या रवंथासारखा. दाजी बसले की घाईघाईत, आणि मध्येच थांबून पात्यात तोंड बघणं. मी बसलो की घासाघाशी न संपणारी. आधी काळ्या दगडावर, मग नदीतून वेचून आणलेल्या गुळगुळीत हिरवट दगडावर, मग जुन्या वहाणेच्या तळव्यावर. पातं दगडावर असं निजवायचं की त्याच्या पाठीखाली भाताचं एक तूस जेमतेम सरकावं. जास्त उभं धरलं तर धार जाड होते, पार निजवलं तर ती नुसती दिसते, कापत नाही. बा पाणी टाकायचा, मी थुंकायचो. थुंकीनं दगड चांगला पकडतो असं माझं मत होतं. आयचं मत वेगळं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता धार लागली की नाही हे कळायचं कसं? बा अंगठा आडवा फिरवायचा आणि हूं करायचा. मला ते पटत नसे. खरी परीक्षा एकच, हातावरचे केस. पातं पाणी न लावता हातावरून अलगद सरकवायचं. केस तुटून पात्यावर गोळा झाले तर धार, वाकून पुन्हा उभे राहिले तर जा परत दगडावर. चाकू उजव्या हातात, म्हणून परीक्षा डाव्या हातावर. मी रोज धार लावायचो, कारण मला तो नादच होता, आणि रोज परीक्षा घ्यायचो. त्यामुळे माझा उजवा हात अस्वलासारखा आणि डावा मनगटापासून कोपरापर्यंत दुधी भोपळ्यासारखा गुळगुळीत. गावात कोणाला त्याचं काही वाटत नसे. गावानं मला तसंच वाढताना बघितलं होतं.

त्या वर्षी भात झोडून झालं आणि बानं माझ्या लग्नाचा विषय काढला. आमच्या सोयरिकी जुळवणारा भिवा म्हणून एक होता. त्यानं खालापूरच्या बाजूचं एक स्थळ आणलं. शेतकऱ्याचं घर, मुलगी यमुना, आई लहानपणीच गेलेली, बापानं आणि आत्यानं वाढवलेली. मी, बा, दाजी आणि भिवा असे चौघे निघालो. निघताना आयनं सांगितलं की चाकू घरी ठेव, सोयरिकीच्या कामाला पातं न्यायचं नसतं, जुळलेलं तुटतं. मी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच खिसा हलका लागत होता आणि मी सारखा चाचपत होतो. भिवाला वाटलं मला घाम फुटलाय.

त्यांच्या ओटीवर आम्हाला बसवलं. मुलीच्या बापाला मी पुढे मामा म्हणू लागलो, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात, म्हणून इथेही मामाच म्हणतो. मामा हसरे, अंगानं रुंद, हातापायांवर ही दाट लव. आत्या बारीक, काठीसारखी ताठ, तिची नजर कुठेही गेली की तिथे भोक पडेल असं वाटायचं. बोलणं चाललं होतं, पाऊसपाण्याचं, गवताच्या भावाचं. माझं लक्ष मात्र आतल्या खोलीकडे होतं. मुलगी बघायला मिळेल म्हणून नव्हे. आत कोणीतरी कांदा चिरत होतं आणि आवाज येत नव्हता. बोथट विळीवर कांदा करकरतो, हे कोणीही सांगेल. इथे फक्त चकत्या ताटात पडल्याची हलकी टपटप ऐकू यायची. मग ताटं आली. भाकरी, वालाचं कालवण आणि कडेला कांदा. मी एक चकती उचलून उजेडाला धरली. तिच्यातून मला मामांच्या अंगणातला आंबा दिसला.

जेवणाआधी हात धुवायला मी बाह्या वर केल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. मुलगी पाटावर येऊन बसली, डोक्यावर पदर, नजर खाली. भिवानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. बानं रांधता येतं का विचारलं, मान हलली. मग भिवा मला म्हणाला, तुला काय विचारायचं असेल तर विचार. मी विचारलं, विळीला धार कोण लावतं?

दाजी खोकले. मुलीनं पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाली, "मीच."

"कशावर?"

"पाट्याच्या मागच्या अंगावर. मग कौलावर."

कौलावर. हे मला सुचलं नव्हतं. भाजलेल्या कौलाची अंगची खरखरीत वाळू, वस्तऱ्याला शोभेल अशी बारीक. माझ्या मनात तिथेच ठरलं. मी हसलो, तीही पदराआड हसली असावी. पण आत्या हसली नव्हती. ती माझ्याकडे बघत नव्हतीच, माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. मग उजव्याकडे, मग पुन्हा डाव्याकडे.

चार दिवसांनी भिवा आला तो चप्पल न काढता अंगणातच उभा राहिला. म्हणाला, स्थळ मोडलं. बा म्हणाला, कारण? भिवा माझ्याकडे बघेना. शेवटी बाला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं. आत्याचं म्हणणं, मुलाच्या हातावरचे केस गेलेत, तेही एकाच हातावरचे. असं केव्हा होतं ते तिला ठाऊक आहे. त्या रोगाचं नाव तेव्हा कोणी तोंडानं घेत नसे. महारोग म्हणायचं ते दार लावून. आज गोळ्यांनी तो बरा होतो, तेव्हा माणसाला गावाबाहेर झोपडीत ठेवायचे आणि भाकरी लांबून सरकवायचे. आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडे तसा एक म्हातारा होता, बा त्याला भात नेऊन द्यायचा, म्हणून आमच्या घरात त्या शब्दाचं कोणी हसं केलं नाही. 

बानं भिवाला खरं काय ते सांगितलं. भिवा सांगून आला आणि उत्तर घेऊन आला. आत्या म्हणाली होती की केस काढून चाकूची धार बघणारा मूर्ख या दोन तालुक्यांत असेल असं तिला वाटत नाही, तेव्हा ही थाप आहे, आणि थाप मारायची वेळ आली म्हणजे रोग नक्की आहे. आता याला काय बोलणार? आय म्हणाली, तू स्वतः जा, हात दाखव, टाचणी टोचून घे, दुखतंय म्हणून सांग. मी म्हटलं, जाणार नाही. माझ्या हाताचा जबाब मी कोणाला देत नाही. बा म्हणाला, पोरगी मनात भरली नव्हती का? मी म्हटलं, भरलीय म्हणूनच नाही. माझा खरा शब्द ज्यांना थाप वाटतो त्यांच्या दारात हात पसरून उभा राहिलो तर जन्मभर पसरूनच राहावं लागेल. आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण त्या दिवसांत मी विहिरीवर बसायचो आणि चाकू खिशातून काढायचोच नाही. आवाज नाही म्हणून आय पहाटे उठून बघून जायची.

मग एका दुपारी मामा स्वतःच आले, सोबत दोघे भाऊबंद. आत्याला न सांगता आले होते. पोरीनं पाठवलं असं ते पुढे म्हणाले, तेव्हा मात्र खोपोलीला काम होतं, असंच आलो, एवढंच. आयनं पाणी दिलं, मी बाह्या मनगटापर्यंत ओढून खांबाला टेकून बसलो. मामांनी इकडतिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं की ते चाकूचं म्हणतात ते काय. मी बाह्या आणखी खाली ओढल्या. बानं डोळे मोठे केले. मी मांजराकडे बघत राहिलो. तेवढ्यात दाजी पुढे सरसावले. सुट्टीवरच होते. म्हणाले, "त्यात काय लपवायचंय, मामा? मी दाखवतो." आणि खिशातून लालभडक चाकू काढला.

दाजींनी बाही वर केली, पातं उन्हात चमकवलं आणि हातावरून फिरवलं. केस आडवे झाले आणि पुन्हा उभे राहिले. दाजी हसले, पुन्हा फिरवलं, जोरात. हातावर लाल ओरखडे उठले, केस एकही नाही. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "आज पातं जरा थंड हाय." भाऊबंदांनी एकमेकांकडे बघितलं. मामांचा चेहरा उतरला. ते उठले, टोपी सारखी केली आणि बाला म्हणाले, "येतो आमी. चाकूनं केस निघत नाय, बघितला ना आता. तुमचा काय दोष नाय, दादा."

नुसता माझा मान गेला असता तर मी गप्प बसलो असतो. पण चाकूनं केस निघत नाहीत, हे वाक्य माझ्या ओटीवर, माझ्या चाकूच्या देखत बोललं गेलं होतं, आणि तेही एका ताटवाटीच्या पोलादामुळे. मी म्हटलं, "मामा, बसा. हात द्या."

"माजा कशाला?"

"माज्यावर केस ऱ्हायलेत कुठं? उजव्यावर चालवायचा तर डाव्यानं धरावा लागंल, आन् माजा डावा हात चाकूच्या कामाचा नाय. द्या."

मामांनी हात दिला. गडी धीराचा. मी चाकू उघडला, वहाणेवर दोनदा उलटसुलट फिरवला आणि त्यांच्या मनगटापासून वर नेला. पाणी नाही, साबण नाही, आवाज नाही. कापणी झालेल्या खाचरासारखा स्वच्छ पट्टा निघाला आणि केस पात्यावर गवताच्या भाऱ्यासारखे गोळा झाले. मी फुंकर मारली. मामांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग अख्खा हात पुढे केला. म्हणाले, "अर्धा कशाला ठेवतोस? सगळाच काढ." मी कोपरापर्यंत काढला. मग एक भाऊबंद म्हणाला, माझ्यावर बघू. मग दुसरा. आयनं चहा टाकला. मामा चाकू हातात घेऊन मिटत होते, उघडत होते, मांजर प्रत्येक खट्टला उठत होतं. कानशीचा म्हटल्यावर त्यांनी टोकाकडे बघून विचारलं, मोडत नाही? मी म्हटलं, वाकडा घालत नाही. ते म्हणाले, जमलं. बाला मिठी मारून तिघं हसत हसत रस्त्याला लागले, डाव्या बाह्या वर करून, एकमेकांचे हात चोळत.

आता पुढचं भिवानं सांगितलं तसं सांगतो. संध्याकाळी तिघं गावात शिरले ते तसेच. वाटेत ज्यानं त्यानं विचारलं, हाताला काय झालं? भाऊबंदांनी सांगितलं, मुलाकडे जाऊन आलो. एवढंच सांगितलं, आणि पुढे गेले, कारण भूक लागली होती. मामा घराच्या अंगणात आले तर आत्या तुळशीपाशी उभी. तिनं भावाचा हात बघितला. मागून येणाऱ्या दोघांचे हात बघितले. त्या बाईनं हातातली कळशी तिथेच सोडली. एका दुपारी तिघांना लागला असा रोग तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मामांनी सांगायचा प्रयत्न केला, पण ती ओसरीच्या पलीकडून बोलत होती, जवळ येऊ देत नव्हती. तिन्हीसांजेला निम्मं गाव अंगणाबाहेर जमलं, भाऊबंदांच्या बायका नवऱ्यांना घरात घेईनात. मामा ओरडून सांगतायत की अरे चाकूनं काढलेत, आणि आत्या म्हणतेय, बघा, आता हाही तीच थाप मारतोय.

तेव्हा यमुना आतून विळी घेऊन आली. बापासमोर बसली, पाट आडवा धरला. म्हणाली, "बा, दुसरा हात दे." मामा मला पुढे सांगायचे की माझ्या चाकूखाली त्यांना भीती वाटली नव्हती, पण लेकीच्या विळीखाली त्यांनी डोळे मिटले. तिनं विळीचं पातं अलगद त्यांच्या उजव्या हातावरून नेलं. सगळ्यांच्या देखत केस निघून अंगणात पडले. पट्ट्यामागून पट्टा तिनं हात साफ केला आणि आत्याला म्हणाली, "आता रोग माज्या विळीचा म्हन."

आत्यानं पुढे येऊन भावाचे दोन्ही हात चाचपून बघितले. मग यमुनाचा हात धरून बघितला. त्यावरची लव जिथल्या तिथे होती. तेव्हा तिनं विचारलं, तू धार कशावर बघतेस? यमुना म्हणाली, कांद्यावर. आत्या म्हणाली, मग अक्कल तुझ्याकडेच दिसतेय, त्या घरात लागेल. याला आमच्याकडे होकार म्हणतात.

पण होकाराबरोबर अट आली. हळदीला गावच्या बायका नवऱ्याच्या हाताला हळद लावतात, आणि आता दोन तालुक्यांचं लक्ष त्या हातावर होतं. आत्यानं कळवलं, डाव्या हातावर उजव्यासारखे केस आले की मांडव घालू, आधी नाही. झालं. माझं लग्न तिथीवर नाही, केसांवर अडकलं. पावसाच्या आत व्हायला हवं होतं. धार मात्र रोज लावायची सवय, आणि परीक्षा घ्यायला जागा नाही. मी बाच्या पोटरीवर घेतली, गड्याच्या मानेवर घेतली, म्हशीवर घेतली, म्हशीनं लाथ मारली. दाजी मुंबईला परत गेले होते, नाहीतर त्यांच्या दुसऱ्या हाताचं सोनं झालं असतं. नवे केस आधी बाभळीच्या काट्यांसारखे उभे आले. आय दर आठवड्याला हात उजेडाला धरून बघायची आणि खोबरेल चोळायची. मध्ये एकदा आत्या स्वतः येऊन बघून गेली. तिनं उलट्या बाजूनं हात फिरवला, हूं केलं, आणि वैशाखातला मुहूर्त धरायला सांगितला.

हळदीच्या दिवशी वेगळाच पेच झाला. हळद लागली की नवऱ्याच्या हातात पातं द्यायचं आणि त्याच्या टोकाला लिंबू खोचायचं, नजर लागू नये म्हणून. लग्न लागेपर्यंत ते हातातून सोडायचं नाही. आमच्याकडे कट्यार कुठून असणार, घरातला चाकूच. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की माझा तो गाजलेला चाकू असणार. आयनं लिंबू आणलं. मी म्हटलं, माझा देणार नाही. लिंबू पोलादाला खातं. रात्रभर टोक त्यात राहिलं तर सकाळी काळे डाग, आणि धार चरलेली. बा म्हणाला, मग माझा घे. मी म्हटलं, तुझाही तसाच, आणि तुझं टोक तू गाडीच्या चाकाखालीच वाकवून आणलंयस. मग राहिला एकच. मी मान वळवून दुसरीकडे बघत हात पुढे केला. लग्नाला म्हणून मुंबईहून आलेल्या दाजींनी लाल चाकू उघडून माझ्या मुठीत ठेवला आणि मांडवभर फिरून एकेकाला सांगितलं की शेवटी कामाला स्टेनलेसच आलं. त्या एका दिवशी मी त्यांना बोलू दिलं. रात्री बोलू दिलं नसतं, पण तोवर ते जेवून झोपले होते.

लग्न खालापूरकडे लागलं. तिथे पुन्हा हळद लावताना आत्यानं माझ्या डाव्या हातावर जरा जास्तच वेळ काढला. मामांच्या दोन्ही हातांवर केस पुन्हा आले होते, तरी ते बाह्या वर करूनच मांडवात फिरत होते. परत येताना वऱ्हाड लॉरीच्या हौद्यात, मी आणि यमुना पुढे, ड्रायव्हरशेजारच्या गादीवर. बाया गाऊन गाऊन दमल्या होत्या. लग्न लागलं तरी चाकू माझ्या हातातच होता, तो परत घ्यायचं कोणाला सुचलंच नव्हतं. लिंबू वाळून चामड्यासारखं झालेलं. यमुना इतका वेळ मान खाली घालून बसली होती. चौक गावचं वळण गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ह्यो तुमचा नाय."

मी म्हटलं, "नाय. दाजींचा."

तिनं टोकावरचं लिंबू बोटानं दाबून बघितलं. मग म्हणाली, "बरा केला. कानशीचा असता तर लिंबानं खाल्ला असता."

अक्षता पडून काही घटका झाल्या होत्या आणि माझ्या बायकोशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. आता सुचलं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर दाखवतो."

"दाखवा," ती म्हणाली. "पन परीक्षा कांद्यावर. हातावर नाय."